चढण्याआधीचं एक मिनिट

कुत्री पाळणाऱ्या घराला लोक ठरावीक प्रश्न विचारतात. चावतं का, काय खातं, जात कोणती, रात्री झोपू देतं का. आणखी एक प्रश्न असतो, तो निघताना येतो, चपला पायात सरकवताना, आवाज खाली आणून. "तुमचं ते... दुसऱ्यावर चढतं का हो? आमचं सारखंच चालू असतंय." हा प्रश्न मला इतक्या जणींनी उंबऱ्यावर उभं राहून विचारलाय की एकदा बसून उत्तर लिहूनच काढावं म्हटलं.

आमचं गाव कुंभारी, सोलापूर–अक्कलकोट रस्त्यावरचं. एका अंगाला ज्वारी-तुरीची रानं, दुसऱ्या अंगाला विडी कामगार बायकांची घरं. कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत इथलीच. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग सोलापुरात आले आणि बायकांच्या हाती ती घरं आली. जानेवारी २०२४ मध्ये रे नगरच्या पहिल्या पंधरा हजार घरांची भर पडली. जिथं एवढ्या चुली पेटतात तिथं भाकरीच्या तुकड्याला कुत्री येणारच, आणि आलेल्यातलं एखादं कुणाच्या तरी दारात कायमचं बसणारच. भिंतीला भिंत, दाराला दार. एका घरातल्या कुत्र्यांनी काय केलं ते चार घरांना दिसतं.

आमच्याकडं तिघं आहेत. चिमणी थोरली, गावठी, ऑपरेशन झालेली, आता तोंडावर पांढरी झालेली. भुऱ्या वीटभट्टीवरून आलेला, तोही गावठीच. आणि रॉकी, लॅब्रडॉरसारखा दिसणारा, पुण्यात भाच्याच्या फ्लॅटमध्ये मावेना म्हणून आमच्या पदरात पडलेला. अक्कलकोट जवळ, त्यामुळं आमच्या भागात घरोघरी स्वामींचा फोटो आणि शेजारी दत्ताची तसबीर असते. दत्ताच्या पायाशी चार कुत्री, चौघंही शहाण्यासारखी बसलेली. चित्रकाराला ते सोपं गेलं असणार.

१. आधी स्वतःची लाज बाजूला ठेवा.

पुतणीला बघायला मंगळवेढ्याहून पाहुणे आले होते. मोठी माणसं सोफ्यावर, आम्ही बायका स्वयंपाकघराच्या दारात. पोह्यांच्या बशा फिरल्या, मुलगा नोकरीचं सांगू लागला आणि नेमक्या त्याच वेळी भर उंबऱ्यात भुऱ्या रॉकीच्या पाठीवर. नुसता चढला नाही. पुढचे दोन्ही पाय कमरेला घट्ट आवळून, कान मागं, नजर आढ्याकडं. खोलीतल्या सगळ्यांना एकदम भिंतीवरच्या कालनिर्णयात रस वाटू लागला. भावजींनी "हाड्!" म्हणून चप्पल भिरकावली. रॉकीनं ती वरच्या वर धरली, भुऱ्या त्याच्या मागं, आणि दोघं टीपॉयखालून असे निघाले की दोन बशा फरशीवर. शेवटी पाहुण्यांतल्या आजीच म्हणाल्या, "असू द्या की. आमच्या वाड्यात बी दोन हाईत, रोजचंच हाय." मग सगळे मोकळे हसले आणि बोलणी पुढं सरकली. (लग्न जमलं नाही, पण ते पत्रिकेमुळं.)

लाज कुत्र्याला वाटत नाही, आपल्याला वाटते. आणि लाजेपोटी माणूस तीनच गोष्टी करतो: ओरडतो, मारतो, नाहीतर खिदळतो. कुत्र्याच्या लेखी तिन्ही एकच, घरातली सगळी माणसं एका झटक्यात आपल्याकडं बघतायत. जे कुत्रं दिवसभर कुणी विचारत नाही म्हणून जांभया देत पडलेलं असतं, त्याला यासारखी चैन नाही. काही कुत्री फक्त पाहुण्यांपुढंच हे का करतात, याचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं. त्यामुळं पहिला नियम माणसांसाठी. घरातल्या कुणीही ओरडायचं नाही, चप्पल उचलायची नाही आणि मोबाईल काढून व्हिडिओ तर मुळीच करायचा नाही.

२. चढलं की माज आला, असं धरून चालू नका.

आमच्याकडं सगळ्यांत जास्त कोण चढायचं सांगू? चिमणी. मादी, तीही ऑपरेशन झालेली. रॉकी नवा आला तेव्हा रोज संध्याकाळी ती त्याच्या मागं लागायची, आणि तो तिच्या दुप्पट असल्यामुळं बाजूनंच कुठंतरी लटकायची. बघणाऱ्यांची समजूतच पटायची नाही. पण कुत्र्यांत हे नवल नाही. मादी मादीवर चढते, नर नरावर चढतो, आणि दात धड न आलेली पिल्लं खेळता खेळता एकमेकांवर चढतात. ज्यांना अजून माज म्हणजे काय ते ठाऊकच नाही, त्यांच्यावर कसला आळ घेणार?

बहुतेक वेळा ते अंगात न मावलेलं काहीतरी असतं. आनंद, अस्वस्थपणा, नव्या कुत्र्याबद्दलची धास्ती, खेळ हाताबाहेर जाणं. माणूस अशा वेळी नखं खातो, पाय हलवत बसतो, तावातावानं बोलू लागतो. कुत्रं समोर जे असेल त्यावर चढतं: दुसरं कुत्रं, उशी, पाहुण्याची पिंढरी. खरा माज वेगळा ओळखू येतो, त्याचं पुढं बघू.

मी बरेच महिने कालनिर्णयाच्या मागच्या बाजूला खुणा करत गेले, कोण कुणावर आणि कधी. खुणा जमल्या त्या मोजक्या ठिकाणी. दारात मोटारसायकल थांबल्यावर. साखळी सोडल्यावर पहिल्या काही मिनिटांत. भाकरी कुस्करायचा आवाज आला की. आणि दिवाळीत फटाके वाजू लागले की तिघांचंही. दुपारी एकही खूण नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या पुढं असताना कुत्रं मोरीतल्या ओल्या फरशीवर पोट टेकून पडतं, त्याला कुणाच्या अंगावर जायचं त्राण नसतं. ऊन उतरलं, वारं सुटलं, की साठलेलं सगळं एकदम बाहेर येतं. म्हणून उन्हाळ्यात आमच्या घरातला धोक्याचा तास संध्याकाळी साडेसहाचा.

३. "तो तिच्यावर मालकी गाजवतोय" हे ज्ञान ज्यानं दिलं असेल त्याला चहा पाजा आणि पाठवून द्या.

हे सांगणारा गल्लोगल्ली भेटतो. कळपात एक पुढारी असतो, बाकीच्यांना तो दाबून ठेवतो, तेव्हा तुम्हीच पुढारी व्हा, कुत्र्याला उताणं पाडून धरा. या कल्पनेचं मूळ रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ च्या निबंधात आहे. त्यांनी बंदिस्त ठेवलेले लांडगे बघितले होते. ठिकठिकाणचे, एकमेकांना अनोळखी लांडगे एका आवारात कोंडल्यावर भांडतील नाहीतर काय करतील? पुढं डेव्हिड मीच या लांडग्यांच्या अभ्यासकानं १९७० च्या आपल्या पुस्तकातून ती कल्पना जगभर नेली, आणि रानातल्या लांडग्यांमागं वर्षानुवर्षं हिंडल्यावर १९९९ साली त्यानंच लिहिलं की रानातला कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पोरं. पुढारीपणाची ही भाषा तिथं लागू पडत नाही. तो सुधारला. आपल्याकडचे सल्ले अजून १९४७ मध्येच आहेत.

कधीमधी एखादं कुत्रं दुसऱ्याला चिडवायला किंवा जोखायला चढतं, नाही असं नाही. पण त्यावर तुम्ही त्याला उताणं पाडलंत, तर ते तुमच्याबद्दल काय शिकेल एवढा विचार करा.

४. चढल्यावर काय करायचं हा प्रश्नच उशिराचा आहे. त्याच्या आधीचं मिनिट बघा.

सगळ्यांत जास्त उपयोगाची गोष्ट हीच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

भुऱ्या चढण्याआधी काय करतो? खेळ चालू असतो, दोघं अंगणात गोल गोल पळत असतात. खेळ चांगला चाललाय तोवर दोघांचीही अंगं सैल असतात, कंबर हलते, शेपटी अख्खी हलते. मध्येच थांबतात, अंग झटकतात, एखादा पुढचे पाय पसरून ढुंगण वर करतो, पुन्हा पळापळ. मग एका क्षणी भुऱ्याचं पळणं थांबतं आणि चालणं सुरू होतं. शेपटी वर, ताठ, नुसतं टोक थरथरतंय. तोंड मिटलेलं. तो रॉकीच्या बाजूनं येतो, समोरून नाही. हनुवटी त्याच्या पाठीवर, कमरेच्या जरा वर टेकवतो आणि तशीच ठेवतो. कधी कान चाटतो, भराभरा. नंतर एक पुढचा पाय पाठीवर. इथून पुढं तुम्ही हाक मारून उपयोग नाही. कान बंद झालेले असतात.

हनुवटी टेकली की हाक मारायची. त्याही आधी, शेपटी ताठ झाली तेव्हाच मारता आली तर उत्तम. हाक रागाची नको, ताटावर बोलवावं तशी: "भुऱ्या, ये इकडं!" आला की हातात भाजलेल्या शेंगदाण्याएवढा काहीतरी तुकडा. आमच्याकडं शिळ्या भाकरीचे वाळवलेले तुकडे डब्यात असतात, सणावाराला उकडलेलं अंडं. आल्यावर लगेच परत सोडायचं नाही. 'बस' म्हणायचं, दोन-चार साध्या गोष्टी करून घ्यायच्या, श्वास खाली आला की जा. पहिले काही दिवस हे दर संध्याकाळी करावं लागतं, आणि कंटाळा येतो, कारण तुम्ही अंगणात नुसते उभे असता आणि आत कुकर शिट्ट्या देत असतो. पण कुत्रं शिकतं की ती भरती आली की माणसाकडं जायचं. आता भुऱ्या कधी कधी हनुवटी टेकवतो, थांबतो आणि आपणहून माझ्याकडं बघतो. तेव्हा मी हातातलं काम टाकून डबा उघडते. त्या बघण्याचं मोल दिलं नाही तर ते बंद पडेल.

हाक ऐकू न येणाऱ्यासाठी हलकी दोरी. सुती, दोन-अडीच मीटरची, पट्ट्याला अडकवून घरात नुसती फरफटत सोडायची. चढलंच तर पट्ट्याला धरून ओढायचं नाही, त्यात चावा बसू शकतो. दोरीचं टोक उचलायचं, काही न बोलता बाजूला चालू लागायचं, दुसऱ्या खोलीत एक-दोन मिनिटं शांत बसवायचं, परत आणायचं. पुन्हा केलं, पुन्हा बाहेर. चेहऱ्यावर राग नाही, हसू नाही. दोरी फक्त तुमच्या डोळ्यांदेखत. एकटं सोडताना काढून ठेवा, खाटेच्या पायात गुंतते.

खेळाला मध्ये मध्ये विश्रांती लावून द्या. मी पाण्याची बादली घेऊन अंगणात गेले की तिघं थांबतात, पितात, आणि पुन्हा सुरू होतं ते पाच पायऱ्या खालून.

५. वर कोण आहे हे सगळे बघतात. खाली कोण आहे ते बघा.

रॉकी हा मूर्तिमंत सोशीक. भुऱ्या चढला की तो उभा राहतो, जीभ बाहेर, लोक म्हणतात त्याला काही वाटत नाही. त्याला वाटतं. शेपटी खाली जाते, ओठांच्या कडा मागं ओढल्या जातात, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो, आणि नंतर तो अर्धा तास टाकीमागं जाऊन बसतो. हे रोज होऊ दिलं तर असं कुत्रं एक दिवस उलटतं, मग घरचे म्हणतात अचानक चावला.

चिमणीचं उलट. तिच्यावर कुणी चढायला आलं की ती मान वळवून गुरगुरते. आवाज लहान, पण त्यात 'चल नीघ' एवढं पुरतं असतं. भुऱ्या लगेच उतरतो. पूर्वी आमच्या सासूबाई तिला दटावायच्या, "गप गं, भांडखोर!" मी त्यांना म्हटलं, "आई, ती भांडत नाही, ती सांगतेय." गुरगुरणं दाबलं तर कुत्र्याकडं पुढची पायरी दातांचीच उरते. गुरगुरून काम झालं असेल तर आपण मध्ये पडायचं नाही. नाही झालं, दुसरा ऐकत नाही, तर मात्र सोडवायची जबाबदारी आपली. आणि म्हातारं, लंगडं किंवा मणक्याचं दुखणं असलेलं कुत्रं खाली असेल तर वाट बघायची नाही. रॉकीचं धूड चिमणीच्या कमरेवर पडणं हा खेळ नव्हे.

६. तिघांना एकाच वेळी साखळीतून सोडू नका.

दिवसभर बांधलेली कुत्री एका दमात मोकळी केली की पहिली पाच मिनिटं धुमाकूळच. आधी म्हाताऱ्याला सोडा, त्याचं फिरणं-हुंगणं होऊ द्या, मग दुसरं. मुळात दिवसभर बांधूनच ठेवायचं असेल तर इतक्या कुत्र्यांचा सोस कशाला?

७. ऑपरेशन करा, पण त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको.

नराचं ऑपरेशन म्हटलं की घरातले पुरुष अस्वस्थ होतात. आमच्याकडंही झाले. "कशाला त्या बिचाऱ्याचं..." एवढं म्हणून वाक्य अर्धंच राहिलं. मादीच्या वेळी मात्र कुणाला काही वाटलं नव्हतं, हे मी तिथल्या तिथं नोंदवलं.

काय अपेक्षा ठेवायची याला आकडे आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी १९९७ साली ५७ नरांचा अभ्यास छापला. सगळे दोन वर्षांपेक्षा मोठे, सगळ्यांना काही ना काही खोड. ऑपरेशननंतर चढणं, भटकणं आणि जागोजागी मुतणं या तीन बाबतींत साठ टक्के किंवा त्याहून जास्त कुत्र्यांची खोड निम्म्यानं तरी कमी झाली. जवळजवळ पूर्ण थांबलेली पंचवीस ते चाळीस टक्के. कुत्र्याचं वय किती आणि खोड किती जुनी, यानं फारसा फरक पडला नाही. म्हणजे "आता मोठा झाला, आता काय उपयोग" हे खरं नाही, आणि "ऑपरेशन केलं की प्रश्न मिटला" हेही खरं नाही. भुऱ्याचं माद्यांमागं जाणं थांबलं. पाहुणे आल्यावर रॉकीवर चढणं राहिलं, कारण ते कधी माजाचं नव्हतंच. त्याला चौथ्या मुद्द्यातला वाळक्या भाकरीचा डबाच लागला.

दोन बारीक गोष्टी. ऑपरेशन झालं त्याच दिवसापासून नर निर्धोक होत नाही. आधीचं बीज काही आठवडे टिकतं, तेवढे दिवस माजावरच्या मादीपासून लांबच ठेवायचा. आणि मोठ्या हाडापेराच्या कुत्र्याची घाई करू नका. १९९७ च्या अभ्यासातले बेंजामिन हार्ट यांनीच २०२० मध्ये पस्तीस जातींचा अभ्यास सहकाऱ्यांसह छापला. लॅब्रडॉरसारख्या काही मोठ्या जातींत फार लहान वयात ऑपरेशन केलं तर सांध्यांची दुखणी वाढलेली दिसली. लहान चणीच्या बहुतेक जातींत तसं दिसलं नाही. कधी करायचं ते डॉक्टरांना कुत्रं दाखवून ठरवा, शेजाऱ्याच्या कुत्र्यावरून नको.

८. भाद्रपदाला वेगळे नियम.

आपल्याकडं कुत्र्यांचा हंगाम सांगायला पंचांग उघडावं लागत नाही. पाऊस सरत आला, गणपती बसले की गावातल्या गल्ल्यांतून पाच-सात नरांची वरात एका मादीमागं फिरताना दिसते, आणि पिल्लं दिसायला लागतात ती दिवाळीनंतर, थंडीत. साधारण त्रेसष्ट दिवस धरा, हिशेब बसतो. घरात वाढलेली मादी वर्षातून दोनदाही माजावर येते, ऋतू कुठला का असेना.

माज एकूण तीन आठवड्यांचा धरून चला. पहिला आठवडा-नऊ दिवस रक्त जातं, नर मागं लागतात पण ती जवळ येऊ देत नाही. खरा धोका त्यानंतरचा: रक्त फिकं पडतं, घरच्यांना वाटतं संपलं, आणि तेव्हाच ती शेपटी बाजूला करून उभी राहते. घरात ऑपरेशन न झालेला नर असेल तर या दिवसांत हाक, डबा, दोरी काही चालत नाही. मध्ये बंद दार पाहिजे, ते पण कडी लावलेलं. साखळी पुरत नाही. त्या नादात साखळी तोडलेले, पत्र्यावरून उड्या मारलेले, दोन-दोन दिवस न जेवलेले नर मी बघितलेत. ऑपरेशन न झालेले दोन नर असतील तर तेही एकमेकांपासून वेगळे, नाहीतर रक्त सांडेल. जुंपलीच तर मध्ये हात घालू नका, बादलीभर पाणी फेका.

आणि जुळली तर? दोघं पाठीला पाठ लावून अडकतात, दहा-वीस मिनिटं, कधी अर्धा तास. नराच्या इंद्रियाची गाठ आत फुगलेली असते, ती उतरल्याशिवाय सुटत नाहीत. आमच्या वसाहतीत अशा वेळी पोरं दगड घेऊन जमतात, मोठी माणसं काठी आणतात, कुणी उकळतं पाणी फेकल्याचंही ऐकलंय. ओढून सोडवलं तर दोघांनाही आत जखमा होतात. काही करू नका. पोरांना शाळेच्या बाजूला पिटाळा आणि उन्हात असतील तर फक्त सावलीची सोय करा.

इथं एक रोग सांगायलाच हवा, कारण गावात तो भरपूर आहे आणि लोक त्याला 'माजाचं रक्त' समजून सोडून देतात. कुत्र्यांच्या जननेंद्रियावर फुलकोबीसारखी गाठ येते, थेंब थेंब रक्त गळत राहतं. हा एका कुत्र्यापासून दुसऱ्याला, मुख्यतः समागमातून, लागणारा कर्करोग आहे. जंतू नव्हे, खुद्द कर्करोगाच्या जिवंत पेशीच एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जातात. हजारो वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा एका कुत्र्याच्या त्या पेशी आजही आपल्या गल्लीत फिरतायत. ऐकून अंगावर काटा येतो, पण बातमी चांगली आहे: आठवड्याला एक अशी व्हिन्क्रिस्टीनची काही इंजेक्शनं दिली की बहुतेक कुत्री बरी होतात. रक्त तीन आठवड्यांच्या पुढं चालू राहिलं, किंवा नराच्याच अंगातून गळू लागलं, की दवाखाना गाठा.

माज थांबवायचं इंजेक्शन मागू नका. स्वस्त पडतं, पण पुढं गर्भपिशवीत पू होण्याचा धोका वाढतो, आणि तेव्हा तातडीचं ऑपरेशन करावं लागतं, तेही आजारी कुत्रीवर.

९. कधी न चढणारं कुत्रं एकाएकी चढायला लागलं तर आधी डॉक्टर, मग शिकवणी.

लघवीचा दाह, त्या भागातली खाज, त्वचेचा रोग, शेपटीखालच्या ग्रंथी तुंबणं, यातलं काहीही असू शकतं. सारखं तिथंच चाटणं, थेंब थेंब मुतणं, ढुंगण घासत चालणं ही खूण. नराचं इंद्रिय बाहेर येऊन आत जाईना झालं तर उद्यावर ढकलायचं नाही, तासांचा प्रश्न असतो. थंड पाण्यानं ओलं ठेवत थेट दवाखान्यात न्यायचं. दुखणाऱ्या कुत्र्याला "घाणेरडा" म्हणून मार खाताना मी बघितलंय.

१०. शेजार सांभाळा.

आमच्या पलीकडच्या अक्का दारातच विड्या वळत बसतात. मांडीवर सूप, सुपात भिजवून कापलेली पानं, तंबाखू, एका बाजूला वळून झालेल्या विड्यांचा ढीग. मान खाली, बोटं चालू, तोंडानं माझ्याशी तेलुगू-मराठी एकत्र. एकदा रॉकी आणि भुऱ्या एकमेकांवर चढत, लोळत थेट त्यांच्या सुपात गेले. दुपारपर्यंतचं काम मातीत. मोडकी विडी कारखान्यात घेत नाहीत, छाटून टाकतात, आणि मजुरी मोजतात ती धड विड्यांची. अक्का चिडल्या ते कुत्र्यांच्या चाळ्यांवर नाही. "त्यांचं चालू दे ओ ताई, माझ्या सुपात कशाला?" हा हिशेब मला एकदम पटला. नुकसान भरून दिलं आणि त्या दिवसापासून संध्याकाळची मोकळीक अंगणाचं फाटक लावून.

फाटकाच्या फटीतून अक्का सगळं बघतात. हाक मारली की भुऱ्या कसा परत येतो, दोरी कशी उचलायची, चिमणी गुरगुरली की मी का गप्प बसते. त्यांच्याकडंही आता एक कुत्री आहे, लेकीनं आणलेली, पांढरी, कानाला काळा ठिपका. भाद्रपदात ती पहिल्यांदा माजावर आली. तीन आठवडे तिला त्यांनी आतल्या खोलीत विड्यांच्या पानांच्या गठ्ठ्यांशेजारी कोंडून ठेवली, दाराबाहेर नरांची रांग, आणि अक्का त्यांच्याकडं न बघता वळत बसलेल्या. सासऱ्यांनी दोनदा काठी उचलली, दोन्ही वेळा अक्कांनी ती काढून घेतली. "मारून जात नाहीत ओ मामा, दार लावलं की जातात."

ऑपरेशन माजात करायचं नाही, माज संपून दोन-तीन महिने जाऊ द्यायचे, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी बोटांवर महिने मोजले. पौषात लग्नाचे मुहूर्त नसतात, रिक्षावाला रिकामा असतो. तेव्हा सोलापूरला न्यायचं ठरलंय. रॉकीचंही त्याच फेरीत उरकायचं, रिक्षाचं भाडं अर्धं-अर्धं.